एकपानीची जमीन

ऑर्किडवर लिहा, असा संपादकांचा फोन आला त्या दिवशी मी मुरबाडहून परतत होतो. खिशातल्या वहीत त्या दिवसाची एकच नोंद होती: 'पानं तीन.' दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका बांबूच्या बेटाखाली मी माझ्या हातांनी चाळीस कंद लावले होते. पहिल्या पावसात सव्वीस पानं आली, गेल्या वर्षी नऊ. फूल एकदाही आलं नाही. या चाळीस कंदांनी मला स्वस्थ बसू दिलेलं नाही, म्हणून लिहायचं तर त्यांच्याबद्दलच.

वनस्पतीचं नाव एकपानी, शास्त्रात नर्विलिया. ऑर्किड म्हटलं की लोकांना फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते आणि लगेच विचारतात, "म्हणजे बांडगूळच ना?" तीस वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देतो आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस घेतं, ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं. आणि शहापूर-मुरबाडच्या रानातली कितीतरी ऑर्किडं झाडावर चढतच नाहीत, मातीतून उगवतात. एकपानी त्यांतलीच.

तिला पाहायचं तर वर्षातून दोनदा जावं लागतं. वळवाच्या सरी पडल्या की साग-ऐनाच्या पाचोळ्यातून एक नागडा देठ वर येतो. पानाचा पत्ता नसतो. देठावर हिरवट पिवळी, मान खाली घातलेली फुलं, ओठाची पाकळी पांढुरकी आणि तिच्यावर गडद शिरा. काही दिवसांत फुलं संपतात, बोंडं धरतात आणि देठ वाळून जातो. मग, पाऊस चांगला लागला की त्याच कंदातून पान निघतं. एका कंदाला एकच. आधी सुरळी, मग नऊवारीच्या निऱ्या उलगडाव्यात तसं ते उघडतं: हृदयाच्या आकाराचं, तळव्याहून रुंद, प्रत्येक शिरेशी चुणी पडलेलं. नर्विलिया हे नावही या शिरांवरूनच आलं आहे. पावसाळा सरला की पान पिवळं पडून जातं आणि पुढचे सहा-सात महिने जमिनीवर काहीच नसतं, फक्त खाली सुपारीएवढा कंद. डोळखांबकडच्या एका ठाकूर आजींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "मास्तर, तिचं पान आन् फूल एकमेकांना वळखत नाय."

आम्हा वनस्पतिशास्त्रज्ञांची भांडणंही इथूनच सुरू होतात. जूनमध्ये फूल आणलं, तर त्याला पान नाही. ऑगस्टमध्ये पान आणलं, तर फूल नाही. नुसत्या पानाचा वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून त्यावर जातीचं नाव लिहिणं मला कधीच मान्य झालेलं नाही. नर्विलिया प्लिकाटाचं पान केसाळ असतं, ते हाताला कळतं, पण वाळलेल्या चुरगळलेल्या पानात ते दिसेलच असं नाही. आपल्याकडच्या मोठ्या एकपानीला जुन्या ग्रंथांत पोगोनिया फ्लाबेलिफॉर्मिस म्हणत. पुढे ती नर्विलिया अरागोआना झाली. हे नाव गोदिशो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये दिलं होतं. पण ब्लूमने जावामधल्या वनस्पतीला त्याआधी, १८२५ मध्ये, 'कॉनकलर' म्हटलं होतं. दोन्ही एकच आहेत असं मानलं, तर आधीचं नाव राहतं, म्हणून आज ती नर्विलिया कॉनकलर. नियम मला मान्य आहे. पण सह्याद्रीतल्या कुठल्या रोपाला कुठलं नाव, हे फूल आणि पान एकाच कंदावर, एकाच जागी, दोन्ही ऋतूंत पाहून ठरवायला हवं. त्यासाठी ती जागा पुढच्या वर्षीही असावी लागते.

ही जागाच आता राहत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. मुंबईकरांना इथली जमीन हवी आहे. माझे चाळीस कंद मुळात मुरबाडच्या ज्या प्लॉटवर होते, तो घेणारे गृहस्थ सज्जन होते. सपाटीकरणाआधी त्यांनी स्वतः मला फोन केला. दोन दिवस हातात होते. ओढ्यापलीकडे तसंच बांबूचं बेट होतं, तशीच सावली, तशीच माती. मला वाटलं, जमेल.

मला माहीत असायला हवं होतं. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. त्यात शिदोरी नसते. मातीतली ठरावीक बुरशी आत शिरून त्याला पोसते, तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार यांनी फ्रान्समध्ये १८९९ साली हे पाहिलं. १९२२ मध्ये अमेरिकेत नुडसन यांनी साखर घातलेल्या आगारवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, आणि तेव्हापासून लोक विचारतात, 'मग प्रयोगशाळेत वाढवून रानात लावा की!' बाटलीतलं रोप बाटलीत वाढतं. रानात त्याला पुन्हा तीच बुरशी हवी, आणि बुरशी जगते पाचोळ्यावर, कुजणाऱ्या लाकडावर, न हललेल्या मातीत. मी कंद उचलले. त्यांची माती मला उचलता आली नाही.

एकपानी नाहीशी होते याचा दोष राबाला दिलेला मला आवडत नाही. भातरोपांच्या वाफ्यासाठी पातेरा नेऊन, फांद्या तोडून राब भाजणारे शेतकरी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि एकपानीही त्यांच्यासोबत टिकली. वरून जाळ गेला तरी कंद खाली सुखरूप राहत, कारण जमीन कोणी उलटीपालटी करत नव्हतं. जेसीबी तेच करतो.

या मे महिन्यात शहापूरहून तसाच दुसरा फोन आला. "सर, सोमवारी जेसीबी येतोय. कंद काढायला येता का?" मी नाही म्हटलं. त्याऐवजी बांबूच्या कडेची दोन गुंठे जागा सोडा, एवढी विनंती केली. त्यांनी ती सोडली, वर तारेचं कुंपणही घातलं. जूनमध्ये तिथे अकरा देठ आले. जुलैमध्ये गेलो, तेव्हा पानं उलगडत होती आणि माळी कुंपणाच्या आत खराट्याने पाचोळा झाडत होता, साहेबांना जागा स्वच्छ हवी म्हणून. मी त्याला थांबवलं आणि तिथूनच मालकांना फोन लावला. इथला पाचोळा उचलू नका, म्हणालो.

"किती दिवस, सर?"

"जमीन तुमच्याकडे आहे तोवर," मी म्हटलं.