ठेवणार असशील तर चालव

पुणे



"आत्या, बाबांची फियाट ठेवू की काढू?" एवढाच तुझा मेसेज. फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण मग "आत्या असं म्हणाली" हे आईला सांगून तू मोकळा झाला असतास आणि गाडी आहे तिथेच राहिली असती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादाची आठवण म्हणून ठेवणार असशील, तर ठेवू नकोस. राग मानू नकोस. १९८६ साली ती गाडी घरी आली तेव्हा नंबर लावून किती वाट बघितली होती, पेढे किती वाटले होते, हे तुझ्या जन्माच्या आधीपासून मला ठाऊक आहे. पण आठवणीला फोटो पुरतो, त्याला पीयूसी लागत नाही. आठवणीखातर ठेवलेल्या गाड्यांचं काय होतं ते मी इथे सोसायट्यांमधून बघते. पहिलं वर्ष दर रविवारी पुसतात, मग दसऱ्याला हार घालतात, मग टपावर वाळवण पडतं.

आणि उभ्या गाडीच्या पोटात काय चाललेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. टाकीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ उरते आणि ती कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरी कप चिकटतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. वायरी उंदरांच्या ताब्यात जातात. रोजच्या वापरातल्या गाडीत काय आणि कधी झिजणार हे मिस्त्रीला तोंडपाठ असतं. उभ्या गाडीत मात्र सगळीकडे थोडंथोडं बिघडत राहतं आणि सेल्फ मारेपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही.

मग आत्या स्वतःची पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, अजून का बाळगून आहे, असं तू विचारशील. तुझे आतोबा तर विचारतातच, विशेषतः गॅरेजचा हिशेब हातात पडल्यावर.

बाळा, त्या गाडीत काय बिघडलंय ते आपल्याला शोधता येतं. माझा सगळा जीव त्यात आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते आणि तिच्यापर्यंत हात पोचतो. गाडी सुरू होत नाही म्हणजे पेट्रोल येत नाही किंवा करंट येत नाही, आधी एवढंच बघायचं. पावसाळ्यातलं नेहमीचं दुखणं सांगते. सकाळी गाडी सुरू होते, पण फटफट करत, एखादं सिलिंडर न उचलता. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणाच्या दोन क्लिपा काढायच्या. झाकणाच्या आत बोट फिरवलं की दमटपणा लागतो. तो कोरड्या फडक्याने पुसायचा. मग रोटर उपसून पॉइंट बघायचे. दोन छोट्या टिकल्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात, दर ठिणगीला एकदा. नीट बघितलं तर एका टिकलीवर बारीक खड्डा पडलेला असतो आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच उंचवटा, कारण ठिणगीबरोबर धातूचे कण इकडचे तिकडे जातात. हे फारच लवकर व्हायला लागलं तर कंडेन्सर गेला समजावं. पॉलिश पेपर फिरवून दोन्ही टिकल्या सपाट करायच्या, मग फीलर गेजची पट्टी घालून फट जुळवायची, अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. पट्टी सरकली पाहिजे, पण किंचित अडत. झाकण लावलं, सेल्फ मारला की चारही सिलिंडर एका सुरात बोलतात. हाताला काळं लागलेलं असतं, चहा गार झालेला असतो, पण दिवस चांगला जातो.

आमच्याकडे नवी गाडीही आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने लॅपटॉप जोडला, एक सेन्सर बदलला, बिल हातात दिलं. गाडी उत्तम चालते, तक्रार काहीच नाही. पण नेमकं काय झालं होतं ते मला कळलं नाही आणि मला वाटतं त्या मुलालाही कळलं नसावं.

पण म्हणून "जुनं ते सोनं"वाल्यांच्या नादी लागू नकोस हं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, स्टिअरिंग जड. घरात लहान मूल आहे. त्याला घेऊन एक्स्प्रेसवेवर ती गाडी न्यायची नाही, हे मी आत्ताच बजावते. उन्हाळ्याची तर वेगळीच कथा. कार्ब्युरेटरच्या बहुतेक गाड्यांचा तो भोग आहे: इंजिनलाच बसवलेला पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पंप नुसता वाफ ढकलत बसतो. आम्ही तुमच्याकडे सांगलीला मे महिन्यात निघालो की खंबाटकीच्या चढाला गाडी हमखास मान टाकते. ओला फडका पंपावर टाकायचा, बॉनेट उघडं ठेवायचं आणि कडेला उभं राहायचं. तेवढ्यात दोन-चार मोटारसायकलवाले थांबतात. मदत करायला कमी, "आमच्या आजोबांकडे पण होती" हे सांगायला जास्त. फडका वाळला की परत भिजवायचा. वाफेचं परत पेट्रोल झालं की गाडी निमूट चढ चढते.

हे सगळं सोसता येतं. जीव खातात ते सुटे भाग.

तुमच्या पिढीला वाटतं, जुन्या गाड्या आम्हा हौशी माणसांमुळे टिकल्या. तसं काही नाही. त्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर टिकल्या. मूळ गाडी इटलीची, १९५३ सालच्या फियाट ११००च्या घराण्यातली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याला बनवली, १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले आणि नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं. तरी पुढची कितीतरी वर्षं भाग मिळत होते. कारण सोपं आहे. हजारो काळ्यापिवळ्या दिवसरात्र धावत होत्या, त्यांना क्लच प्लेट, किंगपिन, बुश, ब्रेकचे कप सतत लागत होते. छोटे कारखानदार त्यांच्यासाठी माल काढत होते आणि त्यातलाच थोडा आपल्यासारख्यांच्या वाट्याला येत होता. मग टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. मी त्याच सुमारास नाना पेठेत गेले आणि मिळाले तेवढे व्हील सिलिंडरचे किट उचलून आणले. आतोबांनी कपाळाला हात लावला. आज तसं अस्सल किट दुकानात सहसा मिळत नाही.

आता जे मिळतं त्यात निम्मा लोकल माल. डबी जुन्या नावाची, आतला भाग कुणी कुठे ओतलेला. पाण्याच्या पंपाचा पंखा कास्टिंगला घासतो, गास्केटची भोकं बोल्टांशी जुळत नाहीत. म्हणून जुन्या बाजारात भंगारातून निघालेला, वापरलेला पण अस्सल भाग मिळाला, तर नव्या लोकलपेक्षा तो घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडेही बघावं. जाताना आपला तुटका भाग पिशवीत घालून न्यायचा, फोटो नाही. दुकानदार तो हातात घेऊन बघतो, तळहातावर वजन करतो, मगच आत जातो.

पेट्रोलचंही सांगायला हवं. तुमच्या भागातल्या उसाला इथेनॉलमुळे बरे दिवस येतायत म्हणून तुला आनंद असेल, पण आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि आपल्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं या कशालाच ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते. उपाय आहे. इथेनॉलला टिकणारे पाइप मिळतात, ते एकदाच सगळे बदलून घ्यायचे, लाइनला फिल्टर टाकायचा आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडू द्यायचं नाही. म्हणजे फिरून तेच, गाडी चालवायची.

मिस्त्री शोधणं हे मात्र सगळ्यांत कठीण. आमचे मिस्त्री सत्तरीला टेकलेत. त्यांचा एक नियम आहे: मालक समोर उभा असल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. "बघितलं नाही तर कळणार कसं, आणि कळलं नाही तर पैसे देताना कुरकुरणार," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण त्यांचा "उद्या" म्हणजे कुठला वार हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. इंजिन खोलून ठेवलेलं, हेड बोरिंगवाल्याकडे गेलेलं, बोरिंगवाला लग्नाला गावी गेलेला, आणि गाडी महिनाभर गॅरेजच्या दारात. अशा वेळी भांडून उपयोग नसतो. रोज संध्याकाळी जाऊन नुसतं बसायचं. माणूस दारात दिसला की काम हलतं. तुला नोकरीतून हे जमेल का, याचा खरोखर विचार कर. पैशापेक्षा वेळ जास्त जातो यात.

आता तुझ्या गाडीचं. २०१९च्या पुरात तिच्यात पाणी शिरलं होतं, हे दादाने मला फोनवर सांगितलं होतं. इंजिन त्याने लगेच उघडून साफ करून घेतलं, पण पत्र्याचं काय केलं ते माहीत नाही. या गाडीला वेगळी चॅसिस नसते, पत्र्याचं कवच हाच तिचा सांगाडा. म्हणून रंगाकडे बघू नकोस, लांबी भरून रंग कसाही चकाकवता येतो. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचल आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला किंवा मूठ आत गेली, तर तिथून दाराखालच्या पट्टीपर्यंत आणि पुढे मागच्या कमानपाट्यांच्या टोकांपर्यंत तपासायचं. तळ आणि पट्ट्या गेल्या असतील तर कापून नवा पत्रा जोडता येतो, मी तशा गाड्या उभ्या राहिलेल्या बघितल्यात. कमानी जिथे धरतात ती जागाच सडली असेल तर मात्र इंजिन, डेल्को, कार्ब्युरेटर, काचा काढून ठेव आणि बाकीचं जाऊ दे. ते भाग कुणाची तरी गाडी जगवतील.

कागदांचंही बघ. दादाच्या नावावरून तुझ्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म लागेल. नोंदणीची मुदत आरसी बुकावर बघ, संपली असेल तर पासिंग करावं लागेल. वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. तुला कुणी "व्हिंटेज नंबर घे" असं सुचवेल. तो पन्नास वर्षांनंतर मिळतो, म्हणजे तुझ्या गाडीला २०३६ साली, आणि तो घेतला की गाडी रोजच्या रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर निघते. ज्याला गाडी दिवाणखान्यात हवी त्याला ठीक. मला त्यात रस नाही.

गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये दादाची एक वही असेल. ऑइल कधी बदललं, टॅपेट कधी सेट केले, क्लच प्लेट कधी टाकली, सगळं तारखेनिशी. गाडी विकलीस तर ती वही नव्या मालकाला दे. तिचा उपयोग त्यालाच आहे. तू नुसतीच जपून ठेवशील.

माझा निकाल असा: पत्रा शाबूत असेल आणि आठवड्यातून एकदा तिला मिरजेपर्यंत तरी फिरवून आणायची तुझी तयारी असेल, तर ठेव. सुरुवातीचा ब्रेकचा आणि पेट्रोल लाइनचा खर्च मी करते, तो दादाच्या नावाने समज. माझ्याकडची किट्सही तुझीच. तेवढं जमणार नसेल तर जो चालवेल त्याला दे, दोन पैसे कमी आले तरी चालतील. भंगारवाल्याला मात्र मला विचारल्याशिवाय फोन करायचा नाही.

आणि निर्णय काहीही होवो, तिच्यावर घातलेली ती प्लास्टिकची ताडपत्री आजच काढ. तिच्याखाली ओल कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने सडतो. छप्पर असेल तर उघडी ठेव, नाहीतर सुती कापडाचं कव्हर शिवून घे.

आईला नमस्कार, सूनबाईला आणि छोट्याला आशीर्वाद.

तुझी
आत्या