जुमला

शब्दांचे प्रवास माणसांच्या प्रवासांहून लांब पल्ल्याचे असतात. 'जुमला' हाच शब्द घ्या. अरबींतून निघून तो फारशीच्या हातून आपल्याकडे आला. जुन्या दफ्तरांतील हिशेबांच्या तळाशीं 'एकूण जुमला' म्हणून बसला. शिवकालीन फौजेंत हवालदारावरचा जो अंमलदार तो 'जुमलेदार' म्हणविला गेला. त्याच अरबींतून तो दुसऱ्या एखाद्या गलबतावर चढून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यास उतरला आणि स्वाहिली भाषेंत 'सगळे मिळून, एकंदर' या अर्थानें स्थिरावला. हल्लींच्या राजकारणांत त्याचे जे धिंडवडे निघाले ते सोडून देऊं. पण २००५ च्या सप्टेंबरांत संगणकाचें काम करणाऱ्या कांहीं कारागिरांनीं स्वाहिलींतून तो उचलला व आपल्या नव्या घराच्या दारावर कोरला. 'सगळे मिळून' असा त्याचा अर्थ; आणि कोरणारे लोक नुकतेच, मागच्याच महिन्यांत, भांडून वेगळे निघालेले! या घराचें नांव 'जूमला'. नांवाच्या शेवटीं त्यांनीं एक उद्गारचिन्हहि कायमचें बसविलें आहे, तें आमच्या मतें अगदीं योग्य जागीं पडलें.

हें घर म्हणजे संकेतस्थळें चालविण्याची एक संगणकीय प्रणाली. ज्यांनीं जुना छापखाना पाहिला आहे त्यांस ती समजण्यास कठीण नाहीं. पूर्वीं संकेतस्थळाचें प्रत्येक पान, खिळे जुळवून फर्मा आवळावा तसें, सुटें सुटें हातानें जुळवावें लागे. मजकूर आणि त्याची मांडणी एकाच चौकटींत ठोकलेलीं असत. संस्थेच्या दूरध्वनीचा आंकडा बदलला कीं पन्नास पानें उघडून पन्नास ठिकाणीं तो बदलीत बसावयाचें. नव्या प्रणालींनीं हीं दोन कामें विलग केलीं. लेखकानें आपला मजकूर एका साध्या चौकटींत लिहावा. तो कोठारांत, म्हणजे डेटाबेसांत, जाऊन पडतो. मांडणीचा सांचा निराळा ठेवलेला असतो. वाचकानें पान मागितलें म्हणजे 'पीएचपी' भाषेंत लिहिलेली आज्ञावली कोठारांतून मजकूर काढते, सांच्यांत ओतते आणि क्षणार्धांत पान तयार करून हातीं देते. जुळाऱ्याची गरज संपली. शेली-कीट्स शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आमच्यासारख्यांसहि चार ओळी स्वतः प्रसिद्ध करतां येऊं लागल्या, त्या या फारकतीमुळें.

अशा प्रणाली पुष्कळ आहेत. त्यांतील कांहीं फुकट मिळतात व कांहीं मोकळ्या असतात. आणि फुकट व मोकळें यांत अंतर किती, तें २००४ च्या मे महिन्यांत अनेकांस कळून आलें. अनुदिनी लिहिणाऱ्या मंडळींत त्या काळीं 'मूव्हेबल टाइप' ही प्रणाली फार लोकप्रिय होती. तिचें नांवच मुळीं सुट्या खिळ्यांवरून घेतलेलें. खासगी वापरास ती फुकट मिळे. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळीं मालकांनीं परवान्याच्या अटी बदलल्या, आणि अमुक लेखक, अमुक अनुदिन्या, त्यापुढें इतके पैसे, असें दरपत्रक लावलें. मालकांनीं यांत अन्याय केला असें आम्हांस वाटत नाहीं. वस्तु त्यांची होती. परंतु वर्षानुवर्षें त्या घरीं सुखानें राहिलेल्यांस त्या दिवशीं प्रथम जाणवलें कीं आपण येथें पाहुणे आहों.

त्यांपैकीं बऱ्याच जणांनीं आपलें बिऱ्हाड 'वर्डप्रेस'मध्यें हलविलें. वर्डप्रेस काय किंवा जूमला काय, दोहोंचा परवाना 'जीपीएल' नांवाचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलेला हा दस्तऐवज आम्हीं मुद्दाम वाचून पाहिला. ही आज्ञावली हवी तशी चालवा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्यास द्या. मात्र बदललेली वस्तु दुसऱ्यास द्याल तर हेच सारे हक्क त्यासहि द्या, असा त्याचा सारांश. भाषा वकिली, पण जात दानपत्राची. या हक्कांतून आणखी एक हक्क आपोआप निघतो, तो म्हणजे भांडून वेगळें होण्याचा. इंग्रजींत यास 'फोर्क' म्हणतात. रस्त्यास फाटा फुटतो तोच हा फाटा.

वेगळें होणें आमच्या समाजास नवीन नाहीं. आमच्या वडिलांची व चुलत्यांची वाटणी झाली तेव्हां आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतों. वाड्याच्या मधोमध भिंत आली. चौकाचे दोन बोळ झाले. बारा माणसांची पंगत जिथें बसे ती पडवी कोणाच्याच कामाची राहिली नाहीं. घंगाळें मोजलीं, पाट मोजले. तांब्याचा मोठा हंडा एकच होता, तो मोडींत घालून आलेले पैसे वांटून घेतले. यांत कोणी कोणास फसविलें असें नाहीं. दोघेहि सज्जन होते. विहीर मात्र वांटतां येईना. ती चुलत्यांच्या हिश्शांत गेली आणि पाणी भरण्याचा हक्क उभयतांचा, असें कागदांत लिहिलें. सात वर्षें तें सुरळीत चाललें. पुढें कसल्याशा बोलाचालीनंतर एके दिवशीं सकाळीं मधल्या दारास कुलूप दिसलें. आमच्या मातोश्री रिकामी घागर घेऊन परत फिरल्या, त्या पुन्हां त्या दाराकडे गेल्या नाहींत.

आज्ञावलीच्या वाटणींत हंडा मोडावा लागत नाहीं, हें तिचें वैशिष्ट्य. दोघांसहि अख्खा हंडा मिळतो. मेलबर्न येथील 'मिरो' नांवाच्या कंपनीनें 'मँबो' ही प्रणाली रचली व २००१ मध्यें ती जीपीएलखालीं मोकळी केली. पुढें देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं ती वाढविली. २००५ च्या ऑगस्टांत तिच्या कारभारासाठीं 'मँबो फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या मतास तिच्यांत पुरेसें स्थान नाहीं, मुक्त परंपरेस तिची घटना धरून नाहीं, असा आक्षेप घेऊन अँड्र्यू एडी व त्यांचे सहकारी, म्हणजे आज्ञावली लिहिणारें मुख्य मंडळच, बाहेर पडलें. कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती असें नाहीं. जन्म तिनें दिला होता, आणि 'मँबो' हें नांवहि तिचें होतें. तें नांव बाहेर पडणाऱ्यांस नेतां येईना. त्यांनीं चाहत्यांकडून नवीं नांवें मागविलीं, आणि लोकमताच्या आदरासाठीं वेगळ्या झालेल्या या मंडळींनीं अखेर निवडलें तें नांव चाहत्यांपैकीं कोणीहि सुचविलेलें नव्हतें! आमच्याकडे बारशास नांवें सुचविणारे पुष्कळ असतात, ठरविणारें कोणी निराळेंच असतें; त्यांतलाच हा प्रकार.

जूमलाची पहिली आवृत्ति म्हणजे मँबोचीच चालू आवृत्ति, कांहीं दोष काढून व पाटी बदलून. दोन्ही घरांत त्या दिवशीं तींच भांडीं त्याच फडताळांत होतीं. मँबोकडे तर शिवाय नांव, पूर्वीं मिळालेलीं पारितोषिकें व लोकांच्या ओळखीचा पत्ता. कसबी हात तेवढे गेलेले. २००८ च्या सुमारास मँबोच्या आवृत्त्या निघणें थांबलें. जूमलाची पांचवी आवृत्ति २०२३ च्या ऑक्टोबरांत निघाली.

वर्डप्रेसचा जन्म भांडणांतून झाला नाहीं, बेवारशीपणांतून झाला. मिशेल वाल्ड्रिगी नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं 'बी-टू' ही लहानशी प्रणाली लिहिली होती. २००२ च्या अखेरीस तिचें काम थंडावलें. ह्यूस्टनचा मॅट मलनवेग हा एकोणीस वर्षांचा तरुण ती वापरीत असे. कर्ता दिसेनासा झाला तरी परवाना जीपीएल आहे, तेव्हां काम पुढें नेतां येईल, असें त्यानें जानेवारी २००३ मध्यें जाहीर लिहिलें. इंग्लंडांतून माइक लिटल यांनीं साथ देण्याची तयारी कळविली, आणि २७ मे २००३ रोजीं पहिली आवृत्ति बाहेर पडली. दोन देशांतील दोघांनीं तिसऱ्या देशांतील तिसऱ्याच्या वस्तूचा कारभार हातीं घेतला; त्यांत चोरी नाहीं, मेहेरबानी नाहीं, अर्ज-विनंतीहि नाहीं. आज जगांतील दर पांच संकेतस्थळांपैकीं दोहोंहून अधिक स्थळें वर्डप्रेसवर चालतात.

पण विहिरीचें काय? वर्डप्रेसची मूळ आज्ञावली कोणीहि घरीं न्यावी; तथापि तिला जोडावयाचीं हजारों उपकरणें, म्हणजे 'प्लगइन', आणि त्यांच्या दुरुस्त्या जेथून येतात, तें मध्यवर्ती कोठार एका पत्त्यावर आहे; आणि तो पत्ता मलनवेग यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे, ही गोष्ट २०२४ सालीं पुष्कळांस नव्यानेंच समजली. नांवाची कथाहि अशीच. 'वर्डप्रेस' हें व्यापारचिन्ह २०१० मध्यें एका धर्मादाय फाउंडेशनकडे सोंपविलें गेलें खरें, पण त्याच्या व्यापारी वापराचा हक्क मलनवेग यांच्याच 'ऑटोमॅटिक' कंपनीकडे राहिला. २०२४ च्या सप्टेंबरांत त्यांचा 'डब्ल्यूपी इंजिन' या कंपनीशीं वाद पेटला. ही कंपनी वर्डप्रेसच्या जिवावर मोठा व्यापार करते, उलट कांहींच देत नाहीं, नांवहि वापरते, ही त्यांची तक्रार. उत्पन्नाचे ८ टक्के द्यावे, ही मागणी. ती मान्य झाली नाहीं, तेव्हां त्यांनीं त्या कंपनीच्या सर्व्हरांना कोठाराचें दार बंद केलें. ऑक्टोबरांत प्रकरण कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत गेलें आणि १० डिसेंबर रोजीं न्यायालयानें दार पुन्हां उघडण्याचा तात्पुरता हुकूम दिला.

मलनवेग यांच्या तक्रारींत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. वीस वर्षें विहीर उपसून स्वच्छ राखणाऱ्यास, फुकट पाणी भरून बाजारांत विकणाऱ्याचा राग यावा, हें स्वाभाविक आहे. परवान्यांत मात्र 'परत द्या' अशी अट नाहीं. ती अट नाहीं म्हणूनच बी-टू त्यांना मिळाली. शिवाय कुलूप लागलें त्या सकाळीं घागर घेऊन आले कोण? ज्यांचें भांडणाशीं कांहींच देणें-घेणें नव्हतें असे दुकानदार, शाळा, लहान वर्तमानपत्रें. पुढें जून २०२५ मध्यें लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयानें 'फेअर' नांवाची योजना जाहीर झाली. एका विहिरीऐवजीं अनेकांच्या विहिरी एकमेकींस जोडाव्या, ही तिची कल्पना.

आम्हांस या दूरदेशच्या भाऊबंदकीची एवढी उठाठेव कां, असें वाचक विचारतील. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचे जुने अंक एका हुशार विद्यार्थ्यानें २००९ सालीं जूमलावर चढविले होते. कांहीं वर्षांनीं काटकसर म्हणून छापील अंक बंद झाला, आणि वार्षिक एका खासगी कंपनीच्या बंदिस्त प्रणालींत नेण्यांत आलें. करार संपल्यावर आम्हीं मजकूर परत मागितला, तेव्हां पानांचीं लहान लहान चित्रें हातीं आलीं, अक्षरें नाहींत. कोठाराची प्रत देण्याचें कलम करारांत नव्हतें, हें कंपनीचें उत्तर. गेल्या पावसाळ्यांत एक बाई भेटावयास आल्या. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी, अपघातांत गेला. त्याचा एकुलता एक छापून आलेला लेख, आपल्या आजोबांच्या सायकलच्या दुकानावरचा, त्या बंदिस्त वर्षांतला. भिंग लावून शीर्षक आणि पहिल्या सहा-सात ओळी लागल्या, त्या आम्हीं त्यांस हातानें उतरून दिल्या. २००९ च्या विद्यार्थ्यानें मागें ठेवलेली कोठाराची प्रत मात्र आजहि उघडते. त्यांतला रेफसुद्धां हललेला नाहीं.

आतां वार्षिक पुन्हां उभें राहत आहे. विद्यार्थ्यांत वर्डप्रेसवाले अधिक, जूमलाची बाजू घेणारी एकच मुलगी, आणि ती फार चांगली भांडते. कोणतीहि प्रणाली घ्या, कोठाराची एक प्रत दर महिन्यास ग्रंथालयाच्या कपाटांत आली पाहिजे, एवढी अट आम्हीं घातली आहे. तेव्हां त्याच मुलीनें विचारलें कीं, सर, महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नांवावर नोंदलेला आहे? त्याची चौकशी करण्यास आम्ही परवां कचेरींत गेलों होतों. हेडक्लार्कांनीं फाइल शोधण्यास आठ दिवसांची मुदत मागितली आहे.