प्रायश्चित्ताची झाडे

पापनिवेदनानंतर सांगितलेले प्रायश्चित्त बहुधा देवळाची पायरी उतरण्यापूर्वीच उरकले जाते. पाच वेळा 'नमो मारिया' म्हटले की भाविक मोकळा होतो. परंतु दक्षिण पोलंडमध्ये, दुनायेत्स नदीच्या खोऱ्यात वसलेल्या वोंत्स्को या गावी आम्हांला वेगळ्याच प्रायश्चित्ताची कथा ऐकावयास मिळाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथील प्रमुख धर्मगुरू फादर यान पियास्कोवी हे पापनिवेदनास येणाऱ्यांना प्रायश्चित्त म्हणून फळझाडे लावावयास सांगत, अशी आठवण गावाने जपली आहे. पुढे शाळेचे मुख्याध्यापक स्तानिस्वाफ विल्कोविच यांनी लोकांना बागायतीची गोडी लावली. १९४७ पासून येथे मे महिन्यात सफरचंदाच्या मोहराचा उत्सव भरतो. २०१० साली येथील सफरचंदांना युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन लाभले.

आम्ही गेलो तो सप्टेंबर होता. डोंगरउतारांवर फांद्या फळांनी वाकल्या होत्या. यजमानांच्या घरी प्रथम आंबवलेल्या कोबीचे आंबट सार आले, मागोमाग 'क्नेडले'. बटाट्याच्या उकडीत अख्खा प्लम भरून हे गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात आणि वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा घालतात. आम्हांला ते आपल्या मोदकाचे दूरचे भाऊच वाटले! तासन्‌तास आटवलेला प्लमचा दाट मुरंबाही पानात होता. उरलेली फळे वाळवून ठेवतात. नाताळच्या आदल्या रात्री त्यांचेच 'कोम्पोत' हे गोड पेय करतात, आणि त्या रात्री मेजावर अनाहूत पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडतात.

याच प्लमपासून पिढ्यान्‌पिढ्या येथे सुमारे सत्तर टक्के मद्यार्काची 'श्लिवोवित्सा' चोरून गाळली गेली, हेही सांगितले पाहिजे. झाड लावून घेणे धर्मगुरूच्या हाती होते. फळाचे काय करावे, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे होते.

तरीही त्या फादरांची दृष्टी आम्हांला मोठी वाटते. पाप बहुधा शेजाऱ्याला जखम करते, आणि प्रायश्चित्त मात्र आपण एकट्यानेच पुटपुटून संपवतो. झाडाचे तसे नाही. त्याला पाणी घालावे लागते, वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि फळ दुसऱ्याच्याही मुखी पडते. कोणते झाड कोणत्या पापापोटी लावले गेले, हे पापनिवेदनाच्या मुद्रेआड कायमचे झाकले गेले आहे. अपराध देवाच्या दयेत विरून गेला. सावली आणि गोडवा तेवढा गावाच्या वाट्याला आला.