मांसौदनाच्या शोधार्थ

शीर्षक वाचून वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. आम्ही जन्माचे शाकाहारी, आणि पुढेही तसेच राहू. तथापि वेदज्ञ पुत्राची इच्छा धरणाऱ्या दांपत्याने तूप घातलेले मांसौदन, म्हणजे मांसमिश्रित भात, सेवन करावे, असे बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि बाराव्या शतकातील चालुक्यराज सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मांसपाकाच्या कृती विस्ताराने दिल्या आहेत. तेव्हा आज फारसी नावाने जिला बिर्याणी म्हणतात, तिचे नुसते नाव निघाल्याने विटाळ मानण्याचे कारण नाही.

निमित्त घडले ते असे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव इंग्लंडात नोकरीस असतात. गेल्या मार्गशीर्षात ते आले असता आम्ही उभयता सांगलीहून कोल्हापुरास गेलो. आमची सारी नोकरी त्या नगरीत झाली, त्यामुळे वाटाड्याचे काम आमच्याकडेच होते. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळ्याच्या काठी फिरणे झाले; तेव्हा चिरंजीव हळूच म्हणाले, "काका, रागावणार नसाल तर सांगतो. इथे कुठेतरी उत्तम मटण बिर्याणी खायची आहे. पण एकट्याने नाही." घरातील तरुण मंडळी बाहेर काय खातात हे एकत्र कुटुंबात सर्वांस ठाऊक असते, आणि कोणीही विचारीत नाही. त्या 'एकट्याने नाही' या शब्दांनी आम्ही निरुत्तर झालो.

प्रथम एका नामांकित उपाहारगृहात गेलो. थंड हवा, मऊ आसने, मंद दिवे. कशाची उणीव नव्हती. आम्ही लिंबाचे सरबत मागविले. चिरंजीवांनी चार घास घेतले आणि चमचा खाली ठेवला. भात निराळा शिजविला होता, मटण निराळे, आणि ताटात वाढतेवेळी दोहोंचा विवाह लावला होता, असे त्यांचे म्हणणे. खरी रीत अशी की, दह्यामसाल्यात मुरविलेल्या मांसावर अर्धकच्चा भात पसरावयाचा, भांड्याचे तोंड कणकेने लिंपावयाचे आणि मंद विस्तवावर दोहोंनी एकमेकांच्या वाफेत शिजावयाचे. वाढणारा मनुष्य प्रामाणिक होता. तो म्हणाला, "साहेब, कोल्हापुरात येऊन बिर्याणी कशाला? तांबडा-पांढरा घ्या की!"

त्याचे म्हणणे यथार्थ होते. मटण शिजविलेले पाणी, ज्यास तेथे अळणी म्हणतात, त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ घालून पांढरा रस्सा होतो. कांदा-लसूण मसाल्याने तांबडा होतो. हा त्या नगरीचा अभिमान आहे. २०१९ साली मटणाचा भाव चढला, तेव्हा कसबा बावड्याचे लोक त्याविरुद्ध आंदोलनास उठले होते. इतरत्र लोक धान्यासाठी उठतात!

परंतु चिरंजीवांचा चेहरा उतरला होता. म्हणून आम्ही एका जुन्या विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो मुसलमान, आता पन्नाशीचा गृहस्थ. तो हसून म्हणाला, "गुरुजी, बिर्याणी घरात असत्या, हाटेलात न्हाई. उद्या दुपारी या."

दुसऱ्या दिवशी भाऊसिंगजी रस्त्याने जाताना आम्ही चिरंजीवांस गंगाराम कांबळे यांची हकीकत सांगितली. अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या मनुष्यास राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) याच रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेतला. ही गोष्ट आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकविली. सांगता सांगता आमचा आवाज मध्येच अडखळला; कारण चिरंजीवांस न सांगितलेली दुसरी एक गोष्ट आमच्या मनात होती.

चाळीस वर्षांपूर्वी एका ईदेला हाच विद्यार्थी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या दारी आला होता. त्यात मांस नव्हते. दूध, शेवया आणि खारीक होती. आम्ही म्हणालो, "बाळ, आज आमचा उपवास आहे." तो डबा तसाच घेऊन गेला. उपवास नव्हता.

त्याच्या घरी सतरंजी अंथरली होती. गृहिणीने लांब तांदुळाऐवजी आजऱ्याचा घनसाळ वापरला होता. भांड्याची कणीक फोडताच जो सुवास दरवळला, तो शाकाहारी नासिकेसही नाकारता येईना. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दोनदा मागून घेतले. याहून निराळी प्रशस्ती ती कोणती?

आमच्यासमोर मात्र न सोललेली केळी आणि बाजारातून आणलेली बंद पिशवीतली दुधाची बाटली ठेवली होती. आमच्या घराण्याची रीत त्या माउलीने इतक्या काळजीने सांभाळली होती की, आम्हांस मान वर करवेना. आम्ही विचारले, "घरात शेवया आहेत का?"

ती चकित होऊन आत गेली. अर्ध्या घटकेने वाटी आली. वाटी ठेवताना आमचा विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, आज उपास न्हाई न्हवं?"

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. आम्ही म्हणालो, "नाही रे. त्या दिवशीही नव्हता."

"ठाऊक हुतं," तो म्हणाला, आणि वाटीत आणखी एक पळी घातली.

उत्तम बिर्याणी कोल्हापुरात कोठे मिळते, असे कोणी विचारल्यास त्या घराचा पत्ता आम्ही देणार नाही. परतल्यावर आमच्या कुटुंबाने विचारले, "कुठे जेवलात?" आम्ही जे घडले ते सांगितले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "पुढच्या खेपेस मलाही न्या."