शब्दाचा सांधा

लग्नसराईत दिग्रसच्या छापखान्यात आप्तेष्टांची गर्दी उसळायची. माणसांची नव्हे, शब्दाची. ‘आप्तेष्ट’ नाहीत अशी पत्रिकाच नसे. शाळा सुटली की मी तिथं शिशाचे खिळे जुळवायला बसायचो. ओळ भरली आणि शब्द उरला, तर तो मोडायचा कुठं? कंपोझिटरकाका म्हणायचे, “जोडाक्षर कापाचं नाई, अन् शब्द सांध्यावरच मोडाचा.”

‘स्नेहभोजन’ सहज मोडे: स्नेह-, खाली भोजन. ‘आप्तेष्ट’ मात्र ऐकत नसे. आप्त आणि इष्ट यांच्यातले अ आणि इ मिसळून ए झालेला. सांधा आहे, पण एका मात्रेत विरघळलेला. मग तो अख्खा पुढच्या ओळीत जाई आणि मागची ओळ कोरे खिळे घालून ताणावी लागे. समासाचा विग्रह शाळेत शिकण्याआधी मला असा बोटांना कळला.

पुढं मुद्रितं तपासू लागलो, तेव्हा १९६२ सालच्या लेखननियमांशी गाठ पडली. एकटा ‘मंत्री’ दीर्घ, मंडळात बसला की ऱ्हस्व: मंत्रिमंडळ. ‘नदीकाठ’ मात्र दीर्घच, कारण संस्कृतातही नदी दीर्घच. घरगुती शब्दांची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्याची पाणचक्की होते, घोड्याची घोडचूक. जोडताना वाकतं ते बहुधा पहिलं पद. शेवटचं शाबूत राहतं आणि लिंगही तेच ठरवतं; घोडा ‘तो’ असला तरी घोडचूक ‘ती’च.

नेदरलँड्सला गेलेला भाचा डच शिकू लागला आणि फोनवर म्हणाला, “मामा, इथंही शब्दाचं लिंग शेवटचं पदच ठरवतं!” त्यानं एक गमतीचा शब्द सांगितला: ‘व्हाल्काउल’. ‘व्हाल’ आणि ‘काउल’ असा फोडला तर सापळ्याचा खड्डा. ‘व्हाल्क’ आणि ‘आउल’ असा फोडला तर ससाणा आणि घुबड. डचमध्येही ओळीच्या टोकाला जोडशब्द सांध्यावरच तोडतात. म्हणजे अक्षरं मोजून भागत नाही, अर्थ ठाऊक लागतो. आपलं ‘नवरात्र’ नुसत्या कानानं फोडलं, तर आधी नवराच हाती येईल.

आता संगणक मराठी शब्द सहसा मोडतच नाही, अख्खा खाली ढकलतो. सांधा शोधायची गरज संपली, तशी नजरही गेली. फलकांवर ‘मंत्रीमंडळ’ दिसतं, ‘प्राणी संग्रहालय’ मधे जागा सोडून उभं असतं. नियम पाठ नाहीत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. शब्द मोडून पाहायची सवय सुटली म्हणून होतं.

तत्पुरुष, बहुव्रीही ही नावं मुलांना नंतर शिकवली तरी चालतील. आधी त्यांच्यापुढं ‘प्राणिसंग्रहालय’ ठेवावं आणि विचारावं, कुठं मोडशील? त्यात दोन्ही सांधे आहेत: ‘प्राणि’नंतरचा उघडा, आणि संग्रह-आलय यांच्यातला विरघळलेला. दुसरा ज्याला सापडला, त्याला संधी वेगळी शिकवावी लागणार नाही.