झोपेचा रकाना नव्हता

मार्च २०२० मध्ये पुण्यातलं हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं, तेव्हा मी दोन ड्रेस आणि एक वही घेऊन निमगाव केतकीला आले. पुस्तकं खोलीतच राहिली. आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं.

गावात मला नशीबवान म्हणायचे. पुण्यात अडकलेल्या पोरींना डबा मिळेना आणि मी आईच्या हातचं खात होते, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण म्हणूनच रात्रभर झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हे बोलायची सोय उरली नव्हती. घरात काळजी करायचा मान अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. आमचा पानमळा आहे. टपऱ्या बंद, लग्नं बंद, देवळं बंद, मग विड्याचं पान घेणार कोण? वेलाला मात्र लॉकडाऊन कळत नाही. पान तयार झालं की खुडावंच लागतं. खुडलेली पानं बांधावर टाकून अण्णा त्या ढिगाकडे बघत उभे राहायचे. त्यांच्यापुढे जाऊन माझ्या धडधडीचं काय सांगणार?

त्यात परीक्षेचा घोळ. मे संपताना मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, अंतिम वर्षाची परीक्षा नाही, सरासरीने गुण देऊ. आईने देवापुढे साखर ठेवली. ६ जुलैला यूजीसीने फर्मावलं, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. २८ ऑगस्टला निकाल आला की अंतिम वर्षाला परीक्षेवाचून पदवी नाही. बारावीचा ताण मी काढला होता, तो मला ओळखीचा होता. अवघड पेपर असला तर माणूस रात्र जागून अभ्यास करतो. पेपर आहे की नाही हेच ठाऊक नसलं तर तो नुसताच जागतो. मी मोबाइल उशाशी घेऊन पडायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं प्रत्येक परिपत्रक खरं की खोटं ते ताडत बसायचे.

पोरींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, जी पुढे आमच्या मनःस्वास्थ्यावर बोलणाऱ्या तज्ज्ञांच्या तोंडून मी फारशी ऐकली नाही. लग्नाला पन्नासच माणसं चालतील असा नियम आला आणि पोरीच्या बापांचा हिशेब बदलला. मांडव नाही, जेवणावळी नाही, वाजंत्री नाही. माझ्या वर्गातल्या एकीचं लग्न जूनमध्ये असंच दारात उरकलं. आमच्याकडेही मामा स्थळ घेऊन आले. "कॉलेज तर बंदच हाय, मग घरी बसून काय करणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कॉलेज खरोखरच बंद होतं. अण्णा म्हणाले, "तिची परीक्षा व्हऊ द्या." जी परीक्षा माझी झोप खात होती, तिनेच मला त्या वर्षी वाचवलं.

तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला असते. त्या वर्षी पादुका एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. आजी दिवसभर ओट्यावर बसून होती. म्हातारीला काय वाटतंय, हेही आम्ही कुणी विचारलं नाही.

शेतात राब, म्हणजे डोकं शांत होतं, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मी पहाटेपासून पानं खुडली. अंग दुखायचं, झोप यायची नाही. शेतीच्या कामाने मन बरं होतं, हे बहुधा शेती न करणाऱ्यांनी ठरवलेलं असावं.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई घरी आल्या, कपाळापुढे यंत्र धरलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ताप, खोकला, दम, साखर, बीपी असं सगळं विचारलं. झोप लागते का, याचा रकाना त्यांच्या फॉर्मात नव्हता. त्यांचा दोष नाही. उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या त्या बाईला स्वतःला तरी कुणी ते विचारलं होतं का? केंद्र सरकारने जुलैतच विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' नावाची समुपदेशनाची सोय केली होती, असं मला पदवी हातात पडल्यावर समजलं.

मला विचारलं ते आमच्या एका मॅडमनी. प्रॅक्टिकलच्या गुणांसाठी फोन केला होता, आणि मध्येच म्हणाल्या, "आवाज असा का येतोय गं तुझा? झोपतेस ना?" मी गच्चीवर बसून रडले. त्यांनी उपदेश केला नाही. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलायला लावलं. गोळ्या लागल्या नाहीत, चार-पाच वेळा बोलणं लागलं. आईला मी "अभ्यासाचा फोन" एवढंच सांगत होते.

विद्यापीठाची परीक्षा १२ ऑक्टोबरपासून ऑनलाइन झाली. साठ प्रश्न, त्यातले पन्नास सोडवायचे, वेळ एक तास. ज्यासाठी सात महिने घालवले ते गच्चीवर मोबाइलवर टिचक्या मारून संपलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत एकाने हसत विचारलं, "म्हणजे तुम्ही कोरोना बॅचच्या का?"

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० या वर्षात देशात १२,५२६ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. त्यातल्या किती जणांना घरचे नशीबवान म्हणत असतील?

आता १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरात शिकणारं पोर असेल तर हा नंबर फ्रिजवर नाही, त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.