किती देते?

ती दारात उभी राहिली की रस्त्यावरून आमचं घर दिसत नाही. सव्वीस फूट लांबी, सहा चाकं, पुढे एका खोलीच्या भिंतीएवढी रुंद काच. आत ओटा, शेगडी, बेसिन, न्हाणीघर, झोपायच्या जागा. १९७५ सालची जीएमसी मोटरहोम. आम्ही मिशिगनमध्ये राहतो आणि तिचा जन्मही इथलाच, पॉन्टिअ‍ॅक गावचा. १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत अशा सुमारे १२,९०० गाड्या निघाल्या आणि मग कारखान्याने हे काम बंद केलं. हायवेवर शेजारून जाणारी माणसं आजही तिला पाहून हात वर करतात.

मोटरहोम म्हणजे बहुधा ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली खोली. हिची बांधणीच वेगळी. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा पोटाखाली नाही, त्यामुळे आतली जमीन इतकी खाली आली आहे की एका पायरीत माणूस आत. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं आणि त्या जोडीमध्ये हवेचा रबरी फुगा. खड्ड्यात एक चाक हललं की फुगा तो धक्का जोडीदाराशी वाटून घेतो. कपाटातल्या कपबश्या किणकिणतात, पण फुटत नाहीत. इतक्या मोठ्या देहाला इतकं हलकं चालणं मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नाही.

आणि इंजिन? ४५५ घनइंच, म्हणजे साडेसात लिटर. आठ सिलिंडर. एकेका सिलिंडरमध्ये आपल्या मारुती ८०० च्या अख्ख्या इंजिनाची क्षमता मावून वर थोडी जागा उरेल. पेट्रोलचा कुणी विचार करत नव्हतं, त्या दिवसांत तिची आखणी झाली. १९७२ च्या मे महिन्यात ती लोकांपुढे आली, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेने साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. काळ असा फिरल्यावर भल्याभल्या मोठ्या गाड्या भंगारात गेल्या. ही माणसांनी जपली, कारण तिच्यात बसलेला माणूस तिला सोडायला तयार होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचे अण्णा भारतातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. साताऱ्याकडे एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. पहिल्याच सकाळी ते चहाचा कप घेऊन तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "किती देती ही?"

"दोन पॉइंट सहा."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमची बस पन्नास माणसं घिऊन लिटरला चाराच्या वर द्यायची. डिझेल हुतं, ते खरं. पण अडीच म्हंजे हिला कायतरी हुतंय."

मला तसं वाटलं नव्हतं. मी ते तिचा स्वभाव समजून चाललो होतो. पाच टनांच्या आसपासचं वजन, पन्नास वर्षांचं वय, पिणारच. या जातीच्या गाड्या सांभाळणारे लोक गॅलनला आठ ते दहा मैल सांगतात, म्हणजे लिटरला साधारण साडेतीन ते सव्वाचार किलोमीटर. मधली तूट मी डोळ्यांआड करत आलो होतो. स्वभाव कुठे संपतो आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं, याचं मला त्या सकाळी वाईट वाटलं.

अण्णांनी आधी गाडीला हात लावूच दिला नाही. "काटा खोटा असंल तर तिला कशाला बोल लावायचा?" इथे हायवेच्या कडेला दर मैलाला हिरवी पाटी असते. आम्ही पन्नास पाट्या मोजल्या; ओडोमीटरवर साडेसत्तेचाळीसच मैल भरले. ती चालत होती त्यापेक्षा कमी चालल्याचं तिच्या नावावर लागत होतं. पेट्रोल भरण्यातही घोळ होता. पोटाखाली टाक्या दोन, भरायचं तोंड एक. शेवटी शेवटी पेट्रोल फेसाळून वर येतं आणि टाकी भरायच्या आधीच पंपाची नळी बंद पडते. म्हणून एकच सपाट जागेतला पंप ठरवला, सावकाश भरायचं ठरवलं, आणि एका टाकीवर विसंबायचं नाही, तीन टाक्यांची सरासरी धरायची असं केलं. आकडा २.७ वर आला. दुखणं होतं तिथेच होतं, फक्त आता आमचं मोजणं खरं होतं.

चाकातली खोट अण्णांनी काढली. तासभर हायवेवर चालवून, शक्य तितका ब्रेक टाळून आम्ही विश्रांतीच्या जागी थांबलो. ते खाली उतरले आणि एकेका चाकाच्या मध्यापाशी तळहात धरत सहाही चाकं फिरले. उजवीकडच्या शेवटच्या चाकापाशी त्यांचा हात मागे आला. तिथून वासही येत होता, भाजलेल्या लायनरचा.

घरी ते चाक जॅकवर उचललं, तर हाताने फिरेना. ब्लीडरचा नट जरासा सैल केला, चुळूकभर ब्रेक ऑइल उडालं आणि चाक सुटलं. म्हणजे ऑइल आत जात होतं, परत येत नव्हतं. त्या चाकाकडे जाणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट होती. अण्णांनी ती काढून उभी चिरली. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं राहिलं होतं. पायाचा जोर ऑइलला त्यातून आत ढकलायचा. परत येताना मात्र त्याला ढकलणारं काही नव्हतं, ब्रेकच्या स्प्रिंगांची ताकद पुरत नव्हती. कितीतरी दिवस ती एक पाय बांधलेल्या जनावरासारखी धावत होती आणि एकदाही अडून राहिली नव्हती. आम्ही मागच्या चारही नळ्या बदलल्या. पुढच्या सरासरीला तीन.

पण एक्झॉस्टच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी यायचीच. प्लग काढले, तर आठही कोरडे, मखमलीसारखे काळे. एखादाच प्लग काळा असता तर त्या सिलिंडरची तक्रार म्हटलं असतं. आठही सारखे म्हणजे पेट्रोल जिथून सगळ्यांना वाटलं जातं तिथेच बिघाड. "ह्ये तुझं काम," अण्णा म्हणाले. त्यांचं आयुष्य डिझेलच्या पंपांत गेलं होतं. कार्बोरेटर उघडायला बसलो तेव्हा मात्र ते स्टूल घेऊन शेजारी आले.

तिच्या कार्बोरेटरचं नाव क्वाड्राजेट. त्याला चार तोंडं: पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. पाय हलका ठेवला तर ती लहान तोंडांनी घोट घोट पिते. पाय दाबला की मागची उघडतात आणि इंजिनाच्या झाकणाखालून घुमल्यासारखा खोल आवाज येतो. तो आवाज ऐकला की समजायचं, आता हिशेब सुटला. पुढच्या तोंडांत बारीक सुया असतात आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर त्या वरखाली होतात: सपाटीला खाली, पेट्रोल कमी, चढाला वर, पेट्रोल जास्त. संगणक नव्हता त्या काळात स्प्रिंग आणि हवेच्या ओढीवर चालणारी ही समज किती नेमकी आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चोक ठीक होता. इंजिन तापलं की पूर्ण उघडत होता. दोष फ्लोटमध्ये निघाला. पाण्याच्या टाकीत चेंडू वर आला की नळ बंद होतो, तेच इथे पेट्रोलच्या वाटीत. हा फ्लोट फेसासारख्या हलक्या पदार्थाचा असतो आणि वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून तो पेट्रोल शोषतो. जड झाला की उशिरा तरंगतो, वाटी वाजवीपेक्षा वरपर्यंत भरते आणि इंजिनाला सतत दाट मिश्रण मिळत राहतं. जुना आणि नवा फ्लोट आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. जुना जवळजवळ दीडपट भरला. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला, वास घेतला आणि कागदात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवला.

तिसरं दुखणं सगळ्यांत अबोल होतं. डिस्ट्रिब्युटरच्या कडेला एक चपटी डबी असते, तिच्यात पातळ पडदा. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी जाते तेव्हा सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं. म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते. व्हॅक्यूमच्या ओढीने तो पडदा ते काम करतो. आमचा पडदा फाटला होता. हातपंपाने ओढून पाहिलं, तर काटा क्षणभरही थांबेना. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम उरतच नाही, म्हणजे या पडद्याचं तेव्हा कामच नसतं. त्यामुळे पिकअप जसाच्या तसा, चढ जसाच्या तसा, कुठे शंका यायला जागा नाही. फक्त रोजच्या शांत चालीत ठिणगी उशिरा पडायची आणि पेट्रोलची ऊब काम न करताच एक्झॉस्टमधून निघून जायची. तिने हे कशानेच सांगितलं नव्हतं. प्रत्येक टाकीमागे थोडं जास्त मागत राहिली, एवढंच.

नवी डबी बसवली, टायमिंग लावलं. व्हॅक्यूमचा काटा अठरा इंचांवर येऊन स्थिर उभा राहिला. अण्णा बराच वेळ त्या काट्याकडे बघत होते.

सप्टेंबरात आम्ही उत्तरेला निघालो. मिशिगनचे दोन तुकडे जोडणारा मॅकिनॉ पूल तिच्यातून ओलांडायचा होता. जाताना मी ५५ मैलांच्या वर गेलो नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ चे ६५ केले की तो सुमारे चाळीस टक्क्यांनी चढतो, आणि भिंतीएवढं कपाळ घेऊन हवेत शिरणाऱ्या गाडीला ते झेपवायचं तर पेट्रोलच ओतावं लागतं. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. त्यात तीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. तिच्या आईबापांनी तिला वेगळ्या पेट्रोलवर वाढवलं होतं. या दोन गोष्टींवर माझ्याकडे पाना नाही.

पुलावर वारा होता. आठ किलोमीटरभर ती किंचित कलत, सावरत, एका लयीत चालली. रुंद काचेतून दोन्हीकडे सरोवरं दिसत होती. अण्णा पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते आणि इंजिन ऐकत होते.

पलीकडे सेंट इग्नसला पेट्रोल भरलं, सावकाश, फेस बसू देत. अण्णांनी पावतीच्या मागे मैलांचे किलोमीटर केले, गॅलनचे लिटर केले, भागाकार मांडला.

"तीन पॉइंट आठ," ते म्हणाले. "आता जे पिती, ते तिचं सवताचं."

पावती घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि खाली उतरले. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून तळहात धरत सहाही चाकं फिरले. पुढची दोन जरा जास्त ऊन होती; ओढायचं काम त्यांचं, आणि ब्रेकचाही जास्त भार त्यांच्यावर. मागची चारही सारखी कोमट. उजवीकडच्या शेवटच्या चाकापाशी ते पुन्हा आले आणि या वेळी त्यांनी हात तिथेच ठेवला.